वल्लरीची माफी

माझी मुलगी वल्लरी पर्यावरणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि आज आमच्या सोसायटीनं तिला माफी मागायला लावण्यासाठी सभा घेतली. घरातले झोपलेत. मला झोप येणार नाही, म्हणून ती कोण आहे ते तरी नीट लिहून ठेवते. खाली पार्किंगमध्ये तिच्याबद्दल जे ऐकलं त्यावरून ती दुसऱ्याच कुणाची मुलगी वाटत होती.

बारावीला तिला इंजिनिअरिंगला जाता येईल एवढे मार्क होते. तिनं लष्कराच्या कॅम्पजवळचं ख्रिश्चन कॉलेज निवडलं, कारण तिथल्या अस्मिता साळवे मॅडमचं एक व्याख्यान तिनं ऐकलं होतं. माझ्या नणंदेनं विचारलं, "पर्यावरण म्हणजे झाडंच लावायची ना? त्याला डिग्री लागते?" मग निघताना चपला घालता घालता, "आणि तिथे प्रार्थना सक्तीची असते का गं?" प्रार्थना सक्तीची नाही. सक्तीचं काय असतं ते पहिल्याच वर्षी कळलं. मॅडमनी सगळ्या वर्गाला मार्केट यार्डात नेऊन सडका भाजीपाला हातांनी वेगळा करायला लावला. वल्लरी घरी आली तेव्हा जिन्यापासून वास येत होता. आंघोळ करून जेवायला बसली आणि म्हणाली, "आई, फ्लॉवरची देठं टाकत जाऊ नकोस." तेव्हापासून माझ्या फ्रिजमध्ये ताकाच्या शेजारी तिनं तपासायला आणलेल्या ओढ्याच्या पाण्याच्या बाटल्या असतात. मी ओरडले की ती बाटलीवरचं लेबल आणखी मोठं करते.

यंदा गणपतीत तिनं सोसायटीला सुचवलं की प्लास्टरच्या मूर्ती ओढ्यात किंवा कालव्यात नकोत. महापालिका अमोनियम बायकार्बोनेटची पावडर देते, ती मोठ्या पिंपात पाण्यात कालवायची, त्यात मूर्ती विरघळतात. उरलेलं पाणी झाडांना खत म्हणून चालतं, पण एका बादलीला वीस बादल्या साधं पाणी घालून. हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, दोनदा. चेअरमन बद्रीनाथकाकांनी तिची पाठ थोपटली. विसर्जन छान झालं. फोटो निघाले.

पुढच्या आठवड्यात वल्लरी फील्डवर्कला बाहेरगावी गेली आणि इकडे पिंप रिकामं करायची वेळ आली. काकांनी माळ्याला, गेनबाला, बोलावून सांगितलं की हे बाप्पाचं तीर्थ आहे, त्यात नळाचं पाणी मिसळायचं नाही आणि गटारातही जाऊ द्यायचं नाही. सगळं झाडांना. त्याच संध्याकाळी त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'थेंबभरही पाणी न मिसळता तीर्थ झाडांना अर्पण.' निम्म्या सोसायटीनं खाली हात जोडले.

सोनचाफा आधी गेला. मग पारिजातकाची पानं कडेनं करपली, कढीपत्ता उभाच वाळला. ज्या चाफ्याची फुलं हीच माणसं पहाटे एकमेकांच्या आधी उठून तोडायची, त्याखाली उभं राहून त्यांनी निकाल दिला की पोरीनं काहीतरी केमिकल टाकायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्यात कॉलेज आलं. मिशनऱ्यांच्या कॉलेजात हेच शिकवणार म्हणे, आपल्या गणपतीचं पाणी विषारी कसं ठरवायचं. गणपतीचं पाणी विषारी आहे असं या घरात कुणी कधी म्हटलेलं नाही. वल्लरी आल्याबरोबर पिशवी खाली न ठेवताच चाफ्यापाशी गेली, माती उकरून बघितली आणि गेनबाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, सायेब म्हनले तीर्थ हाय, पानी घालू नको. मी कसं घालनार?"

काकांनी सभा बोलावली ती असा हिशोब करून की एकतर पोरीचा सल्ला चुकला, नाहीतर गेनबानं चुकीचं ओतलं. सल्ला चुकला असेल तर तिनं माफी मागावी. गेनबा चुकला असेल तर उद्यापासून तो नको. तिसरं माणूस त्या हिशोबात नव्हतंच.

वल्लरी मला म्हणाली, "मी मागते माफी. तू काही बोलायचं नाहीस."

"काकांचं ते वाक्य सगळ्या ग्रुपनं वाचलंय."

"वाचलंय ना? मग कोणी बोललं? काकांना तोंडावर पाडलं की ते राग गेनबावर काढतील. माझं काय जाणार आहे?"

श्रीधर म्हणाला की मुलगी शहाणी आहे, तू जरा तिच्याकडून शिक. माझा नवरा सोसायटीत कधीही कुणाशी भांडलेला नाही, याचा त्याला अभिमान आहे. मी तिला शब्द दिला. दात आवळून दिला.

सभेला माणसं बरीच होती. पाणीकपातीच्या सभेला एवढी नसतात. वल्लरी उभी राहिली आणि म्हणाली की माझं सांगणं कमी पडलं, मी स्वतः तिथे थांबायला हवं होतं, माफ करा. मला वाटलं, संपलं. काका म्हणाले, "तेवढ्यानं नाही. कॉलेजात चुकीचं शिकवलं, हेही सांग. इतर मुलांनाही कळू दे."

"ते नाही म्हणणार, काका. शिकवलं ते बरोबर होतं."

"मग गेनबाचा विषय घ्यावा लागेल."

गेनबा जिन्यापाशी टोपी हातात घेऊन उभा होता. माझ्या लक्षात आलं की माफीनं काहीच साधणार नव्हतं. त्यांना माझ्या मुलीच्या तोंडून तिच्या शिक्षिकेला खोटं ठरवायचं होतं, आणि तेही झाल्यावर पुढचं काहीतरी निघालंच असतं. मी उठले, फोन उघडला आणि काकांचं ग्रुपवरचं वाक्य मोठ्यानं वाचलं. मग खाली हात जोडणाऱ्यांची नावं वाचायला लागले. तिसऱ्या नावाला श्रीधरनं माझी ओढणी ओढली. मी वाचत राहिले. त्यात त्याचंही नाव होतं.

काका म्हणाले, "वहिनी, आई म्हणून तुमच्या भावना समजू शकतो."

"भावना राहू द्या, भाऊजी. वाक्य आपलंच आहे ना?"

काका सभेकडे वळले. गेनबाला काढावं असं कुणाला वाटतं, त्यांनी हात वर करावा, एवढंच म्हणाले. एकही हात वर आला नाही. ठेवावं म्हणूनही कुणी तोंड उघडलं नाही. लोक फोन बघत, किल्ल्या वाजवत उठले. अशा रीतीनं गेनबाची नोकरी राहिली. त्या भल्या माणसांचे आभार मानावेत असं मला अजिबात वाटत नाही.

वर आल्यावर वल्लरी थेट आपल्या खोलीत गेली. बऱ्याच वेळानं दारात येऊन म्हणाली, "एक हात वर गेला असता तर, आई? मग?"

मी म्हटलं की तुला दिलेला शब्द मोडला, त्याची माफी मात्र मी मागणार नाही. ती म्हणाली, "मागू नकोस. फक्त त्या वेळी तू गेनबाकडे बघितलं नाहीस, मी बघत होते."

सकाळी ती आणि गेनबा पारिजातकाच्या मुळाशी भरपूर पाणी सोडून माती धुऊन काढणार आहेत. चाफ्याची आशा नाही म्हणते.