सासऱ्यांचा कांदा आणि तिघांची मॉडेलं

ज्या ऑफिसात काम आकड्यांचं असतं, तिथे किस्से फार साठतात. आकडे कपाटात मावतात, किस्से मावत नाहीत. ते चहाबरोबर बाहेर पडतातच!

आमची खोली नाशकातल्या एका संस्थेच्या मागच्या इमारतीत. साल ऐंशीच्या आगेमागे. मी कॉम्प्युटरचा ऑपरेटर. कार्डांना भोकं पाडायची, गठ्ठा मशीनला चारायचा आणि ते काय ओकतंय याची वाट बघत बसायचं.

गिऱ्हाईकं तीन. इंजिनिअर देवरे, अर्थशास्त्राचे साळवे सर आणि पेशीशास्त्राच्या निर्मलाबाई. तिघांचा मिळून प्रोजेक्ट एकच : कांदा! देवरे कांदा साठवायच्या चाळीतल्या हवेचं गणित मांडायचे, बाई कोंब कधी फुटेल त्याचं, आणि सर भावाचं.

त्यात जीव टांगणीला लागला होता तो देवऱ्यांचा. नुकतंच लग्न झालेलं. प्रयोगाला उन्हाळी कांदा हवा होता, तो दिला सटाण्याच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी. अख्खी चाळ! वर बजावलं, "कांदा सडना, ते दिवाळीले येऊ नका, जवाईबापू!"

पहिला दिवाळसण, आणि तो कांदा टिकण्यावर अवलंबून!

*

त्या दिवसापासून देवरे खुर्चीत बसले नाहीत. सारख्या येरझाऱ्या. खोलीत एसी होता म्हणून बाईंनी मायक्रोस्कोपही तिथेच आणून ठेवलेला.

"अहो देवरे, बसा की! तुम्ही चालता आणि माझ्या पेशी नाचतात!"

देवरे थांबायचे, खिडकीतून ढग बघायचे, आणि क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं विचारायचे, "बाई, आज किती पेशी फुटल्या?"

"तुमच्या सासऱ्यांच्या कांद्याआधी तुम्हीच फुटाल!"

*

चाळीत वारा कुठून शिरतो आणि कुठून निघतो, हे मोजायला देवऱ्यांकडे यंत्र नव्हतं. मग काय! एका रविवारी सटाण्याला जाऊन त्यांनी चाळभर उदबत्त्या लावल्या आणि हातात घड्याळ धरून धूर बघत उभे राहिले.

गावात बातमी पसरली. एक आजीबाई आल्या, चपला काढल्या, कांद्याला हात जोडले आणि गेल्या.

अण्णांनी कपाळ धरलं. "जवाई शिकेल शे, पण कांदाले देव मानस!"

पुढच्या रविवारी चाळीपुढे नारळ फुटलेले!

*

साळवे सर मोठे शिस्तीचे. त्यांच्या भावाच्या मॉडेलमध्ये पाऊस होता, आवक होती, मद्रासकडची मागणी होती. एकदा मशीनने उत्तर दिलं, तर भाव शून्याच्या खाली!

सर पांढरेफटक. "म्हणजे कांदा विकणाऱ्यानेच वर पैसे द्यायचे? अशक्य! काहीतरी चुकलंय."

कांद्याची खबर घ्यायला अण्णा नेमके त्या दिवशी नाशकात आलेले. एसीत कुडकुडत, उपरणं कानाला गुंडाळून बसले होते. म्हणाले, "सर, टॅक्टरनं भाडं धरा. हाई ते दरसाल व्हस!"

सरांनी मॉडेल फाडलं नाही. भाड्याचा एक रकाना वाढवला.

*

आषाढात एकदा वीज गेली. ती परत आल्यावर आपला गठ्ठा पहिला लागावा म्हणून देवरे अंधारात धावले. टेबलावरचा बाईंचा गठ्ठाही त्यांच्या हातात आला. दारावर आपटले आणि सगळी कार्डं जमिनीवर!

"मी मदत करू?" मी म्हटलं.

"नको, नको, माझं मला कळतं!" त्यांनी चाचपडत कार्डं गोळा केली. वीज आली, मशीनने गठ्ठा गिळला, ढेकरसुद्धा दिली नाही. उत्तर आलं : पश्चिमेकडच्या ताडपत्र्या काढा!

भर पावसात! अण्णांचा निरोप आला, "तुमना मशीनले ताप शे का?"

पण नारळ फुटलेली चाळ, तिच्या नावाने आलेला कौल कसा मोडायचा? गावाने आग्रह धरला आणि ताडपत्र्या उतरल्या. त्यानंतर देवरे भीतीने सटाण्याकडे फिरकलेच नाहीत. अण्णांकडूनही काही निरोप नाही.

*

दिवाळी तोंडावर आली. बाई जुनी कार्डं लावत बसल्या होत्या, त्या एकदम ओरडल्या, "देवरे! माझ्या पेशी तुमच्या वाऱ्यात कशा?"

देवरे मटकन खाली बसले. चार महिन्यांत पहिल्यांदा!

आम्ही कार्डं वेगळी केली, नीट लावली आणि गणित पुन्हा चालवलं. प्रिंटर खडखडला. बरोबर उत्तर असं : ताडपत्र्या काढल्या असतील, तर सगळी चाळ गणपतीतच सडली!

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एसटीने सटाण्याला. देवऱ्यांच्या हातात तो कागद, घामाने ओला झालेला. वाटेत साळवे सर म्हणाले, "सडलेल्या कांद्याचा भाव मी काढलेला नाही."

अण्णांनी चाळ उघडली. दोन कांदे उचलले, एकमेकांवर आपटले. खट्ट! कोरडे, लालबुंद, एकालाही कोंब नाही. शेजारच्या चाळींतला कांदा लोक टोपल्यांनी उकिरड्यावर नेत होते.

बाईंनी एक कांदा हुंगला. सरांनी हुंगला. मीही हुंगला.

देवरे सरळ माणूस. त्यांना राहवेना. कागद पुढे करत म्हणाले, "अण्णा, खोटं नाही बोलणार. बरोबर हिशेबाने हा कांदा दोन महिन्यांपूर्वीच सडलाय!"

अण्णांनी कागद बघितला. ढीग बघितला. मग जावयाचा दंड धरून त्याला चाळीबाहेर ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"हळू बोला, जवाईबापू! कांदासले ऐकू जाई!"