खिळ्यांचा पट्टा

दुपारी डुलकी लागली की मला अजून तो वर्ग दिसतो. खिडकीतून ऊन आत येतंय, जुन्या सीडीच्या डोळ्यांवर पडतंय आणि भिंतीवर इंद्रधनुष्याचे तुकडे माशांसारखे पोहतायत. खाली ठिबकच्या नळीचा साप वेटोळं घालून बसलाय. शाम्पूच्या बाटल्यांचा मोर, टूथब्रशच्या पायांची गोम, कुकरच्या शिट्टीचं नाक असलेली एक म्हैस. सगळी मंडळी श्वास रोखून बसलेली. बाहेर ऊस सळसळतो आणि पारगावच्या कारखान्याकडून मळीचा आंबूस-गोड वास तरंगत येतो.

शाळा उसाच्या मधोमध आहे. मी जुन्नरहून मोटरसायकलवर येतो. माझे हात कलेचे नाहीत, फळ्यावर मी काढलेला गणपती बघून एकानं प्रामाणिकपणे विचारलं होतं, "सर, ह्यो कोन?" तरी मोबाइलवर कुठंतरी टाकाऊ वस्तूंचे प्राणी पाहिले आणि माझ्या अंगात आलं. वर्गात जाहीर केलं, "घरात ज्याचा आता काही उपयोग उरला नाही, ते घेऊन या."

आपण फार सोपं वाक्य बोललो, असं तेव्हा वाटलं होतं.

चौथीतल्या एका अबोल मुलीनं तेलाचा पत्र्याचा डबा आणला. त्याला नळीचे पाय, गोणपाटाचे कान, सुतळीची शेपूट, सीडीचे डोळे. गळ्यात चामड्याचा जुना पट्टा, त्यातून बाहेर आलेले टोकदार खिळे. अर्ध्या वर्गानं बिबट्याच केला होता, तेव्हा हाही बिबट्या, हे मी मनाशी पक्कं केलं. ते खिळे म्हणजे दात असावेत, घसरून गळ्यात आलेले, असा माझा तर्क. जुन्नरच्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसाकडून आणखी काय होणार?

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख बघायला येणार होते. शाळा सुटल्यावर मी एकटाच थांबलो. साहेबांच्या बोटाला खिळा लागायला नको, म्हणून तो पट्टा काढून उरल्यासुरल्या भंगाराच्या गोणीत टाकला. मग काळा रंग घेऊन डब्यावर झकास ठिपके काढले. लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काढलेली वस्तू ओळखू येत होती. त्या समाधानात दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर आलेल्या भंगारवाल्याला गोणी देऊन टाकली आणि बदल्यात मिळालेला मूठभर लसूण खिशात टाकून वर्गात शिरलो.

ती मुलगी डब्यापुढं उभी होती. ठिपक्यांकडं तिनं पाहिलंही नाही.

"सर, पट्टा कुठाय?"

"अगं, बिबट्याला पट्टा कशाला?"

मग मागच्या बाकावरचा एक आगाऊ पोरगा म्हणाला, "सर, बिबट्या न्हाई त्यो. त्यांचा कुत्रा हाय. दिवाळीत बिबट्यानं नेला त्येला. तवापासनं ही सांजच्याला उंबऱ्याभाईर येत न्हाई."

"आणि ते खिळे?"

"बिबट्या मानंला धरतो ना सर! खिळं टोचलं की सोडतो." त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी पुन्हा पहिलीत बसावं.

मुलगी डब्याच्या पाठीवर हात ठेवून सावकाश बोलली. "त्या दिशी म्याच काढला व्हता. आंघूळ घातली त्याला. पट्टा तारंवर वाळत टाकला, तो घालायचा ऱ्हायला."

मी माझ्या ठिपक्यांकडं पाहिलं. ज्यानं त्याला नेलं, त्याचंच कातडं मी त्याला चढवलं होतं. आणि पट्टा पुन्हा काढला होता.

तेवढ्यात लांबून, उसाच्या पार पलीकडून, आवाज आला. "भंगाऽऽर... जुनं लोखंड, पत्रा, प्लास्टिऽऽक..." टेम्पोच्या भोंग्यात भरलेला. ऊसच बोलत असावा तसा.

आम्ही सगळे धावत सुटलो. पाटाच्या कडेनं, पाचटावरून, आवाज जिकडं वळेल तिकडं. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. पुढं ती, मागं वर्ग, सगळ्यात शेवटी मी, धापा टाकत. एका वळणावर टेम्पो सापडला.

"काय सर, लसूण किडका निघाला का?" भंगारवाला म्हणाला.

"पावणं, आधी ती गोणी खाली घ्या!"

फुटक्या बादलीखालून पट्टा तिलाच सापडला. मी लसूण परत करायला खिशात हात घातला, तर निम्म्याचा धावता धावता ठेचा झालेला. "ऱ्हाऊ द्या राव," भंगारवाला नाक मुरडून म्हणाला. परतताना मी पट्टा धरायला हात पुढं केला. तिनं तो माझ्याकडं दिला नाही. तिचंही बरोबर होतं.

वर्गात केंद्रप्रमुख माझ्या खुर्चीवर बसले होते. समोर म्हैस, मोर, गोम. "तुम्ही नव्हतात," ते म्हणाले, "पण हजेरी चांगली होती. लसणाचा वास कुठून येतोय?"

तिनं कुणाकडं न बघता डब्याच्या गळ्यात पट्टा अडकवला, आत बोट घालून तो फार आवळला नाही ना ते पाहिलं. मी म्हणालो, "थिनर आणतो, ठिपके पुसू."

"ऱ्हाऊ द्या. पट्टा हाय ना आता."

"बिबट्या आला तर ह्येला पाहुणाच समजंल," आगाऊ पोरगा म्हणाला, आणि ती खुदकन हसली.

आता तो डब्याचा कुत्रा तिच्या घराच्या दाराशी उसाकडं तोंड करून उभा असतो. संध्याकाळी घरी परतताना मोटरसायकलचा दिवा पडला की धुक्यात दोन रंगीत डोळे पेटतात. सीडी आहेत हे ठाऊक असून दर वेळी माझा हात ब्रेकवर जातो. परवा बघतो तर ती उंबऱ्याबाहेर, एकटी. वाकून पट्ट्याखाली बोट घालून तपासत होती. मला पाहून उभी राहिली. हँडलला लटकणाऱ्या माझ्या हेल्मेटकडं बोट करून ओरडली, "सर, तुमचा पट्टा?"

मी गाडी थांबवली, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पट्टा लावला. ती बघत राहिली, तो लागेपर्यंत.