वकीलबाईंच्या कोटावरची मादी

टेलरमास्तरांना पतंग पाळायचा नाद होता. उडवायचे नव्हेत, पंखवाले. दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी बरण्यांतल्या अळ्यांकडे बघे, मग आपल्या कापडाकडे.

"मास्तर, कसर लागेल हो!"

"कसर वेगळी, बाई! ह्या पतंगाला खायला तोंडच नसतं. तो काय खाणार, कपाळ?"

सांगून सांगून मास्तरांच्या तोंडाला फेस आला, पण ऐकतंय कोण!

खाण्याचं सगळं काम अळ्यांचं. त्यांना पेरूची ताजीच पानं लागत. "कालचं उरलेलं तुम्ही मुकाट जेवता," बायको वैतागे, "आणि ह्यांचे चोचले बघा!" शेवटी तिने बजावलं, हा पसारा दुकानात दिसता कामा नये. मास्तरांनी कोष मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाच्या वर टांगले. शिवून झालेले कपडेही तिथेच लटकत, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

एका सकाळी वकीलबाई कोट न्यायला आल्या, मागच्या खोलीत डोकावल्या, तर आतून मास्तर ओरडले, "हात लावू नका!"

कोषातून नुकतीच निघालेली मादी कोटाच्या बाहीवर चढून बसली होती. पंख ओल्या चिंधीसारखे. आता हलवलं तर ते चुरगळलेलेच वाळणार, मग उडणं विसरा.

"अहो, मला कोर्टात उभं राहायचंय!"

"हिला उडायचंय, बाई."

वकीलबाई तरातरा कोटाकडे निघाल्या, तशी बायकोच आडवी आली. का, ते तिचं तिलाही कळलं नाही. "थांबा हो जरा. ह्या माणसापायी मी उभा जन्म थांबलेय, तुम्हाला एक सकाळ जड झाली?"

वकीलबाई धुमसत स्टुलावर बसल्या. हळूहळू पंख उलगडले. फिकट हिरवे, खाली लांब शेपट्या. बाई घड्याळ बघायचं विसरल्या. आणि मादीने कोटावर तपकिरी पिचकारी सोडली.

"ईऽऽ!"

"कोषातून आल्यावर सगळ्याच करतात," मास्तर कौतुकाने म्हणाले.

पंख वाळल्यावर मास्तरांनी मादीला अलगद काडीवर घेतलं. बायकोने कपाळावर हात मारला, साबण आणला, बाही धुतली, इस्त्री फिरवली. वकीलबाई दमट बाहीने कोर्टात गेल्या. पुढचे कपडे दुसरीकडे शिवून घेईन, असं जाताना बजावलं.

"चांगलं गिऱ्हाईक घालवलंत!"

मास्तरांचं लक्षच नव्हतं. "संध्याकाळी खिडकी उघडी ठेव हं. हिच्या वासाने नर येतील."

"म्हणजे आता जावयाचीही सरबराई मीच करायची!" बायको म्हणाली आणि खिडकीपुढचा कपड्यांचा ढीग आदळआपट करत उचलू लागली.