खाडीपलीकडचा माळ

होडीच्या तळाचं पाणी कितीही उपसा, पलीकडे पोचेपर्यंत पुन्हा जमतंच. जमिनीचे किस्से माझ्याकडे तसेच जमले. उतारू बसला की बोलायला लागतो, आणि आगरदांड्याच्या धक्क्यावर त्या काळी जो तो जमिनीबद्दलच बोलायचा. मी ऐकायचो. तीन इयत्ता शिकलेल्या माणसाला तेवढीच शाळा!

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी वल्हं धरलं. आगरदांडा ते दिघी, दिघी ते आगरदांडा. वारा असला की शीड, नसला की हात. होडीवर माझा जोडीदार धर्मा. धक्क्यावर चहाचं दुकान उस्मानचाचांचं. चाचा आधी बोटीवर खलाशी होते. पगारातून मागे टाकून त्यांनी पाच ठिकाणी जमिनी घेतल्या होत्या, आणि एकही फसली नव्हती.

दिघीच्या बाजूला चढावर एक माळ होता. सकाळच्या धुक्यात खालचा किनारा पुसला जायचा आणि तो माळ तेवढा हवेत तरंगत राहायचा. पिवळं गवत, आंब्याची दोन झाडं. तो आपला व्हावा, एवढंच माझ्या मनात होतं.

"गण्या, वल्हव की!" धर्मा ओरडायचा. "तो माळ काय पोरगी हाय, सारखा बघतोस?"

"पोरगी असती तर एवढा थांबलो नसतो!"

* * *

मुंबईच्या गिरणीतल्या एका फिटरनं खाडीच्या काठाला जमीन घेतली. बघायला आला तो ओहोटीला. सपाट, मोकळी जागा, वर बगळे फिरताहेत. "क्रिकेटचं ग्राउंड होईल!" म्हणाला आणि घेऊन टाकली.

पौर्णिमेला बायकोला दाखवायला घेऊन आला. उधाणाची भरती, पाणी आरशासारखं पसरलेलं. बाई नवी साडी नेसून बसलेल्या. काठाकाठानं निघालो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "तांडेल, आमची जमीन आली की सांगा."

मी वल्हं थांबवलं. चारी बाजूंना हद्दीच्या खुंट्यांची टोकं तेवढी पाण्यावर होती.

"आली," मी म्हटलं. "उतरा!"

बाईच आधी हसल्या. हे चाचांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "जमीन उधाणाला बघायची, गणपत. ओहोटीला काय, सगळेच जमीनदार!"

* * *

चाचा जमीन जिभेनं बघायचे. वैशाखात जायचे, आणि आधी विहिरीचं पाणी प्यायचे. वैशाखात गोड तर बाराही महिने गोड.

एकदा मला बरोबर नेलं. जमिनीच्या मालकाला चाचांची सवय माहीत होती. आम्ही बसतोय तोच आतून तांब्या आला. "घ्या, आत्ताच शेंदलंय!"

चाचांनी घोट घेतला. डोळे मिटले. मला वाटलं, सौदा झाला.

"पाणी अमृत आहे," चाचा म्हणाले. "फक्त एक सांगा, विहिरीत वाळा कधी टाकलात?"

घरच्या माठातलं पाणी! आम्ही उठलो. वाटेत मी विहिरीत डोकावून पोहरा टाकला. खारट!

* * *

आता माझा किस्सा. दुसऱ्यांचे सांगतो आणि स्वतःचा लपवतो, असा मी नाही.

माळासाठी साठवता साठवता मला घाई झाली. आगरदांड्यातच माडांची एक लहान वाडी स्वस्तात मिळत होती. चाचा म्हणाले, "कागद कुणाकडून वाचून घे." मी म्हटलं, "मला येतं वाचता!" चतुःसीमा चार वेळा वाचली. माडांचं काय लिहिलंय, ते बघायचं सुचलं नाही. काही लिहिलंच नव्हतं.

खरेदी झाली. मी माडाखाली पाय पसरून बसलो. वर झावळ्या हलत होत्या, समुद्राचा आवाज त्यांतून गाळून यायचा. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या जमिनीवर डोळा लागला.

जाग आली ती नारळ पडल्यानं. शेजारची यमुनाबाई नारळ उतरवणारा पाडेली घेऊन आली होती, आणि पाडेली वर चढला होता.

"ओ बाई, हे काय?"

"माड माजे हायती. सासऱ्यानं लावलेले. जमीन तुजी असंल, व्हय!"

गावात विचारलं. तिचं खरं होतं. आमच्याकडे जमीन एकाची आणि झाडं दुसऱ्याची, असं चालतं. मला माहीत असायला हवं होतं.

धर्मा महिनाभर विचारत होता, "सावलीचे नारळ कधी देतोस?"

मी दोन वर्षं त्या सावलीत बसलो. तिसऱ्या वर्षी यमुनाबाईच आली. "ही जमीन मला दे बाबा. झाडाखाली परका मानूस बसलेला बरा वाटत न्हाय!" ज्याला गरज, त्यालाच विकायचं, हे मी तिथे शिकलो. चांगली किंमत आली.

* * *

त्या माळाच्या मालकीण भागीरथीकाकी. एकट्या. विकायचा होता, पण येईल त्याला एकच विचारायच्या, "घेऊन काय करशील?" उत्तर पटलं नाही की चहा पाजून परत पाठवायच्या.

मी किंमत सांगून आलो होतो. मला मात्र त्यांनी काही विचारलं नव्हतं, नुसतं "बघू" म्हटलं होतं. तेवढ्यात मुंबईचा एक शेठ त्याच माळासाठी निघाला, आणि बसला माझ्याच होडीत!

"तांडेल, त्या माळाला पाणी कसं आहे?"

धर्मानं माझ्या पायावर पाय दिला.

"गोड," मी म्हटलं. "वैशाखातही."

"आणि भरती?"

"चढत नाही तिथवर."

"उलटव ही होडी," धर्मा माझ्या कानाशी पुटपुटला. मी सरळ वल्हवत राहिलो. धुकं होतं. माळ वर तरंगत होता, आणि माझ्या हातांना पहिल्यांदाच वल्हं जड लागत होतं.

शेठची पेटी घेऊन मीच वर चढलो. काकी ओटीवर बसल्या होत्या.

"घेऊन काय कराल?"

"बंगला बांधीन. पुढे भाव वाढला की देऊन टाकीन," शेठ म्हणाला, आणि माझ्यापेक्षा मोठी किंमत सांगितली.

काकी माझ्याकडे वळल्या. "आनि तू रं, गणपत? तू काय करशील?"

मी पेटी खाली ठेवली.

"काही नाही, काकी. अकरा वर्षं खालून बघतोय. एकदा इथून खाली बघायचंय."

काकींनी एकदा खाली खाडीकडे बघितलं. मग उठल्या, पदर खोचला.

"शेठ, तुमी च्या घ्या," त्या म्हणाल्या. "होडी आज उशिरा सुटंल."