चार नंबरचा पाना

माझ्या हातून पास झालेला एकही पाना आजवर खराब निघालेला नाही, असं आमच्या कारखान्याच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे. ते रजिस्टर मीच लिहितो.

हिंगण्याच्या एमआयडीसीत आमचा पाने-पकडींचा कारखाना आहे (नाव सांगत नाही, नोकरी अजून शिल्लक आहे). तिथे मी एकोणीस वर्षं तपासनीस आहे. माझी पद्धत साधी. पाना उचलायचा, लोखंडी टेबलावर आपटायचा आणि कान द्यायचा. ‘टण्’ वाजला की दांड्यावर माझा नंबर ठोकायचा, चार. ‘ठप्प’ वाजला की भंगारात! साहेब मधूनमधून म्हणतात, मशीन लावून तपासा. मशीनला कान असतात का? ग्राहकांच्या तक्रारीही माझ्याच टेबलावर येतात आणि उत्तरंही मीच देतो. एकोणीस वर्षांत एकही तक्रार मान्य केलेली नाही. का करावी?

तर यंदा एप्रिलात आमच्या कूलरची मोटर जळली. नागपुरात एप्रिलमध्ये कूलर बंद म्हणजे माणसं घरात नाही, तव्यावर राहतात. त्यात माझे सासरे, मामाजी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी उमरेडहून येणार होते. डोळ्यात घाम जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायकोने, कुंदाने, ते मला रोज तीनदा बजावलं.

“पुढच्या रविवारी बाबा येऊन राहिले. तोवर कूलर चालू पाहिजे. मिस्त्रीले बोलावू का?”

“मिस्त्री? माझ्या घरात? अवं, पान्यातच जिंदगी गेली माझी!”

नवी मोटर आणली. जुनीचे चार बोल्ट होते, त्यातले तीन निघाले. चौथा गंजून हट्टाला पेटला होता आणि घरातला जुना पाना त्याच्यावरून घसरत होता. मी कुंदाला घेऊन इतवारीतल्या एका दुकानात गेलो, काउंटरवर अकरा पाने आपटले आणि आमच्याच कंपनीचा एक निवडला. (कारखान्यातूनच आणता आला असता, पण गेटवर झडती घेणाऱ्याशी माझं पटत नाही.) टण्! काय आवाज होता! घरी येऊन बोल्टाला लावला. बोल्ट हलेना. मग पान्याच्या दांड्यावर हातभर लांबीचा पाइप चढवला आणि लोंबकळलो. (असं करू नये, हे आमच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरात छापलेलं आहे. तेही मीच लिहिलंय.) बोल्ट जागचा हलला नाही. पान्याने मात्र आ वासला आणि मी कूलरच्या टाकीत जाऊन बसलो.

ओल्या पँटनेच मी पुन्हा दुकानात धडकलो. कुंदा मागोमाग होतीच.

“हा पाना आहे का चिमटा?” मी ओरडलो. गिऱ्हाईकं जमली.

“भाऊ, जोर जास्त झाला असन,” दुकानदार म्हणाला.

“जोर? पान्याले जोर नाही लावायचा, तर काय ओवाळायचं? कोण्या गध्याने पास केला हा?”

दुकानदाराने चष्मा लावला आणि दांडा उजेडात धरला. “चार नंबर लिहून आहे.”

घेताना मी नंबर पाहिला नव्हता. कान असताना डोळ्यांना कशाला त्रास? कुंदाने पदर तोंडाला लावला आणि ती भिंतीवरच्या हातोड्या निरखू लागली. दुसरा कोणी असता तर मुकाट्याने घरी गेला असता. पण सात-आठ लोकांसमोर मागे हटणारा मी नव्हे!

“हाकला त्या चार नंबरले!” मी गरजलो. “पाठवा हा पाना कंपनीत! लिहून घ्या तक्रार!”

“नाव सांगा.”

आता माझं नाव कसं देणार? “कुंदाबाई,” मी म्हणालो. “या आहेत ना, यांचं लिहा.”

“काहो,” घरी येताना कुंदा म्हणाली, “दुसरा पाना घ्या न. नाही तर शेजारून मागून आणते मी.”

“आता पाना नाही, न्याय पाहिजे! तो होईस्तोवर घरात दुसऱ्या कंपनीचा पाना येणार नाही!”

आठवडाभर आम्ही डोक्यावर ओले टॉवेल घेऊन न्यायाची वाट पाहिली.

गुरुवारी तक्रार माझ्या टेबलावर आली. खुर्चीत बसलं की माणूस बदलतो. घरचा उकाडा, टाकीतली आपटी, सगळं विसरलो. आ वासलेला पाना उचलला आणि टेबलावर आपटला. टण्! तुम्हीच सांगा, पान्याचा काय दोष? उत्तर लिहिलं: “महोदया, पाना निर्दोष आहे. आपण दांड्यावर पाइप चढवल्याचा दाट संशय आहे. अवजारे वापरण्याची अक्कल नसलेल्यांनी ती विकत घेऊ नयेत. तपासनीस क्र. ४.” (‘अक्कल’ हा शब्द आमच्या उत्तरात पहिल्यापासून आहे. आजवर कोणाची हरकत आली नव्हती.)

शनिवारी दुकानदाराने त्या पत्राचा फोटो कुंदाच्या मोबाइलवर पाठवला. तिने तो दोनदा वाचला.

“मले अक्कल नाही?”

“तुले नाही वं, ग्राहकाले!”

“ग्राहक कोण आहे?”

मी पंख्याकडे पाहिलं.

“आणि पाइप कोणी लावला होता?”

“तक्रारीत तो मुद्दा आला नाही.”

रविवारी मामाजी आले. कोळशाच्या खाणीत ते फिटर होते. आता त्यांना समोरचा जावईही धूसर दिसतो (हे एका परीने बरंच आहे). कूलरची हकिकत ऐकून त्यांनी पिशवीतून एक गंजका, बिननावाचा पाना काढला. मी सवयीने तो फरशीवर आपटला. ठप्प!

“भंगार आहे, मामाजी.”

“असन, जावईबापू. थोडं सरका.”

त्यांनी बोटांनी चाचपून बोल्टाला खोबरेल तेल लावलं, निवांत चहा घेतला आणि मनगट फिरवलं. बोल्ट लोण्यातून निघावा तसा निघाला. मला फार राग आला. बोल्टाचाही.

त्याच दुपारी, कूलरसमोर बसून, कुंदाने कंपनीच्या मोठ्या साहेबांना स्वतः मेल लिहिला. सोमवारी साहेबांनी बोलावलं.

“आज संध्याकाळी या बाईंच्या घरी जा. नवा पाना द्या आणि माफी मागून या. रिक्षाभाडं कंपनी देईल.”

मी छाती काढून सांगितलं, “पाना देईन. माफी मागणार नाही. एकोणीस वर्षांत मागितलेली नाही!”

“मग उद्यापासून येऊ नका. माफी मिळाली अशी बाईंची सही आणा, तरच गेटच्या आत.”

सहाला मी ग्राहकाच्या दारात उभा होतो. हातात नवा पाना, छातीवर कंपनीचा बिल्ला. उन्हं उतरली होती, पण भिंती अजून तापलेल्या होत्या. बेल वाजवली. आतून कूलरची घरघर आणि मामाजींचं घोरणं ऐकू येत होतं.

“कोण आहे?” कुंदाने आतूनच विचारलं.

“मी.”

“मी कोण?”

मी ताठ उभा राहिलो. आपल्याच दारात माणूस नंबर सांगत नसतो! पाच मिनिटं गेली. दहा गेली. शेजारच्या वहिनी झाडांना पाणी घालून परत एकदा पाणी घालायला आल्या. मी हटलो नाही. एकोणीस वर्षांचा प्रश्न होता. एवढ्यात दाराखालच्या फटीतून वाळ्याच्या वासाची गार झुळूक आली आणि माझ्या अंगठ्याला लागली.

“चार नंबर,” मी म्हणालो.