कोरा व्हॉल्व्ह

स्टुडिओतले सगळे त्या लोखंडी पेटीला ‘म्हातारा’ म्हणत. माइकमधून येणारा अशक्त आवाज उचलून धरायचा, एवढंच तिचं काम. आत काचेचे व्हॉल्व्ह. ते तापले की बोलणाऱ्याच्या आवाजाला ऊब चढे, त्याच्या कडा झिजल्यासारख्या होत. रेकॉर्डिस्टचा उभा जन्म तिच्याशेजारी गेला. आता स्टुडिओ बंद पडला होता, पेटी घरी आली होती, आणि त्याला एकच घोर होता : आपल्यामागे हा आवाज राहील का?

मुलगी सॉफ्टवेअरवाली. म्हणाली, “बाबा, मी कॉम्प्युटरवर याची हुबेहूब नक्कल करते. पेटीतून सूर सोडायचे, पलीकडून काय निघतं ते मोजायचं. बाकी माझ्यावर सोडा.”

मोजणीच्या आदल्या दिवशी त्यानं पेटी लख्ख पुसली. जपून ठेवलेला कोरा व्हॉल्व्ह बसवला. काळवंडलेला जुना कचऱ्यात गेला. चारचौघांत म्हातारा नीटनेटका दिसावा, इतकंच मनात. मोजणी पार पडली आणि शेवटच्या सुराला पेटीतला ट्रान्सफॉर्मर जळाला, म्हातारा कायमचा मुका झाला. खोलीत करपट वास तेवढा राहिला.

नक्कल तयार झाली तेव्हा मुलीनं त्याच्यापुढं माइक धरला. तो सवयीनं “हॅलो, हॅलो” म्हणाला. स्पीकरमधून आवाज आला. धुतलेला, तरतरीत, परका.

“तोच ना, बाबा?”

“त्याचा धाकटा भाऊ वाटतोय.” मग खाली मान घालून त्यानं व्हॉल्व्ह बदलल्याचं सांगितलं.

बायको दारातच उभी होती. “म्हणजे ऐन फोटोच्या दिवशी म्हाताऱ्याला कवळी बसवलीत! धन्य आहे तुमची.”

मुलगी हसली नाही. “झिजवता येईल, बाबा. आकडे बदलले की व्हॉल्व्ह म्हातारा होतो. पण किती, ते मला कुठून कळणार? तुम्हीच सांगा.”

त्यानं डोळे मिटले. पुन्हा “हॅलो, हॅलो”.

“आणखी थकव.”

आवाज जरा खचला.

“अजून.”

“बाबा, कण्हायला लागेल हं तो.”

“कण्हायचाच की.”

आठवणीतला आवाज खरा की कानातला, हे त्याला कळेनासं झालं. कान तरी कुठं पूर्वीचे राहिले होते? शेवटी त्यानं हात वर केला, काचेपलीकडच्या माणसाला थांबवायला आयुष्यभर करायचा तसाच.

“हाच?”

“हाच धर,” तो म्हणाला. “आता मी दमलो.”