गुलब्याचं चित्र घेऊन म्हशाच्या जत्रेला

कल्याण स्टेशनाबाहेर मुरबाडची मोटार उभी होती आणि तिच्या पाठीला पाणी तापवायच्या बंबासारखं एक धूड बांधलेलं होतं. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून त्या वर्षांत या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. क्लीनर बंबात कोळसा ओतून हातानं पंखा फिरवत होता आणि आम्ही उतारू मोटार पेटते की विझते ते बघत थंडीत उभे होतो. माझ्या काखेत पाठीइतकी रुंद, सोनेरी वेलबुट्टीची रिकामी चौकट होती. एका आजीबाईंनी तिच्यातून मान घालून मला न्याहाळलं आणि विचारलं, की आरसा फुटला तरी उरलेलं कशाला वागवता.

मी गिरगावात चित्रांच्या चौकटी करतो. चौकटी विकता विकता चित्रंही विकायला लागलो. चित्रकाराला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, त्याच्या वतीनं चित्रदालनाचे जिने झिजवायचे, आणि चित्र भिंतीवर लागलं की त्याला चौकट आपलीच असेल एवढं बघायचं, असा माझा परोपकार आहे. चित्रातलं मला फार कळत नाही. पण ही गोष्ट चित्रकारांपासून लपवणं अवघड नसतं, कारण ते आपल्याबद्दलच बोलत असतात.

या वेळचे माझे चित्रकार म्हणजे मुरबाडच्या शाळेत ड्रॉइंग शिकवणारे दत्तू मास्तर. फोर्टातल्या एका चित्रदालनानं त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा मी गेलो तेव्हा दालनाचे मालक म्हणाले, एकच चित्र आणा. पसंत पडलं तर प्रदर्शनात पूर्ण भिंत देतो, नाही पडलं तर पुन्हा जिना चढू नका. इकडे मास्तरांच्या सासऱ्यांची शहापूरला भाताची गिरणी होती. जत्रा झाली की जावयानं शाळा आणि रंग दोन्ही सोडून गिरणीत वजनकाट्यावर बसायचं, असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. तेव्हा ते एक चित्र म्हणजे मास्तरांचं सगळं काही होतं.

वाटेत चढ आला की मोटार दम खायची आणि आम्ही खाली उतरून तिला ढकलायचो. मुरबाडला पोचेपर्यंत माझं धोतर कोळशानं माखलं होतं. मास्तरांच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचा रस्सा खाल्ला, आणि मग त्यांनी चादर बाजूला करून चित्र दाखवलं.

चित्र एका बैलाचं होतं. पांढरा बैल उतरत्या उन्हात उभा, आणि मान जराशी वळवून आपल्याकडे बघत होता. मला चित्रातलं कळत नाही हे वर सांगितलंच आहे, तरी मी हातातली चौकट खाली ठेवली. धसईच्या धोंडूतात्यांचा हा गुलब्या. मास्तर दिवाळीआधी दर रविवारी त्यांच्या गोठ्यापुढे जाऊन बसत आणि तात्या त्यांना बसू देत. त्यात तात्यांचा हिशेब असा, की म्हशाच्या जत्रेत गुलब्या विकायला काढायचा आहे, तर त्याचं चित्रही शेजारी लागेल आणि गिऱ्हाईक लांबून ओढलं जाईल. आम्हाला मुंबईत बसून अशी जाहिरात सुचली नसती. मला हा माणूस न भेटताच आवडला.

मुंबईच्या आधी चित्रं जत्रेत मांडायची कल्पना मात्र माझी. मास्तर लाजत होते. मी म्हटलं, जो माल चार माणसांत मांडवत नाही तो भिंतीवर काय मांडणार? दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीत चित्रं, चटया आणि बांबू घालून आम्ही म्हशाला निघालो. डाव्या अंगाला सिद्धगड आणि गोरखगड धुक्यातून वर आले होते. भाताची कापलेली खाचरं दवानं ओली होती.

म्हशाची जत्रा पौषात भरते, म्हसोबाची. देवाला भेटायला येणारे पुष्कळ असतात, पण देवापेक्षा बैलांकडे जास्त माणसं असतात. माळावर दावणीच दावणी (बैल ओळीनं बांधायची जागा), मधून गोडीशेवेच्या पराती, घोंगड्यांच्या चळती, आणि सगळ्यांवर धूळ. सौदा कुठे चालला आहे ते कळायचं एकच लक्षण: दोन माणसं एकमेकांचा हात धरून, त्यावर रुमाल टाकून, अगदी गप्प उभी असतात. भाव बोटं दाबून सांगायचा, म्हणजे शेजाऱ्याला कळत नाही. आमच्या धंद्यात ही सोय नाही याचं मला वाईट वाटलं.

धोंडूतात्यांनी गुलब्याच्या शेजारीच आम्हाला जागा दिली. गुलब्याच्या अंगावर आरशांची लाल झूल, शिंगांना गोंडे. आम्ही चटयांवर चित्रं लावली, मधोमध गुलब्या, माझ्या सोनेरी चौकटीत. गर्दी जमली. सिद्धगडाच्या चित्रासमोर एकजण म्हणाला, की हा आमच्या दारातनं रोज फुकट दिसतो. धान झोडणाऱ्या बाईचं चित्र बघून एकानं ही आपली भावजय आहे असं ओळखलं, आणि तिला विचारल्याशिवाय तिचे हात का काढले म्हणून मास्तरांना पेचात धरलं. गुलब्यापुढे सर्वांत जास्त माणसं. एक म्हातारा चटईच्या मागे जाऊन बघून आला आणि म्हणाला, पुढनं बैल झकास आहे, पण मागच्या अंगानं काहीच दाखवलेलं नाही.

आमच्या तीन लहान चित्रांना गिऱ्हाईक मिळालं. मी खुशीत गोडीशेव खात होतो, तेवढ्यात धोंडूतात्या चित्रासमोर येऊन उभे राहिले. पुरं झालेलं चित्र ते पहिल्यांदाच बघत होते. आधी चेहरा फुलला. मग ते जवळ गेले, चित्रातल्या बैलाच्या पाठीवर बोट नेलं, आणि पटकन अंगावरची घोंगडी काढून चित्रावर टाकली.

प्रकरण असं होतं. गुलब्याच्या पाठीवर वशिंडाच्या मागे केसांचा एक भोवरा होता. त्या जागचा भोवरा मालकाला लाभत नाही असं तिकडे मानतात, आणि असा बैल कुणी दावणीतून सोडवत नाही. झूल होती ती शोभेसाठी नव्हेच. गोठ्यात मात्र गुलब्या झुलीशिवाय उभा असायचा, आणि मास्तरांनी जे दिसलं ते काढलं होतं.

तात्यांनी हळू आवाजात सांगितलं, की एक तर तो भोवरा काढून टाका, नाहीतर घोंगडी निघायची नाही. मास्तर म्हणाले, मी खोटं चित्र करणार नाही. तात्या म्हणाले, मी कुठं खोटा बैल विकतोय. आणि ते घोंगडीसकट चित्राला पाठ लावून बसले. दुसऱ्या दिवशी चित्र मुंबईला निघायचं होतं, तात्यांची पाठ दणकट होती आणि कापड नाजूक. मी मध्ये पडलो. मास्तरांना बाजूला घेऊन म्हटलं, फोर्टात भोवरा कुणाला कळतोय. पांढऱ्या रंगाचे दोन हात मारा, तात्या खूश, चित्र शाबूत. मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गोडीशेवेचा पुडा खिशात घातला. पण त्यांनी रंगाची पेटी उघडली. भोवरा गेला. गुलब्याची पाठ स्वच्छ, कोरी झाली, आणि मास्तर त्या चित्राकडे पाठ करून बसले.

दुपारी किन्हवलीचे वामनशेट आले. बैलांचा जुना व्यापारी, डोळे बारीक, बोलणं त्याहून बारीक. गुलब्याचे दात बघितले, पाय बघितले, झुलीला हातही लावला नाही. तात्यांच्या तोंडावर हसू मावेना. रुमाल पडला, हात धरले गेले. बघता बघता तात्यांचं हसू गेलं. त्यांनी हात ओढून घ्यायला बघितलं, वामनशेटनी सोडला नाही. शेवटी तात्यांनी मान हलवली आणि सौदा झाला.

रुमाल घडी करत वामनशेट मास्तरांना म्हणाले, चित्र छान हाय. मग तात्यांकडे वळून म्हणाले, "सकाळी या चित्रातल्या बैलाला भोवरा होता, आता नाय. झूल काढायची मला गरजच पडली नाय."

मी त्या वेळी दुसरीकडे बघत होतो असं मला म्हणायचं आहे. आख्ख्या जत्रेला दाखवायला ठेवलेलं चित्र भर बाजारात पुसायचं, हा सल्ला माझाच होता. मी म्हसोबाला जाऊन आलो.

परत आलो तेव्हा उन्हं कलली होती आणि गुलब्याची मेख मोकळी होती. तात्या चित्रासमोर उकिडवे बसले होते. आता हा माणूस माझी चौकट मोडणार असं धरून मी चार पावलांवर थांबलो. त्यांनी मास्तरांना विचारलं, भोवरा परत काढता येतो का. मास्तरांना वाटलं ते चिडवताहेत.

"चिडवत नाय," तात्या म्हणाले. "हा माझा नाय वाटत, मास्तर. पाच सालं मी त्याला हितं आनतोय. त्या भोवऱ्यापायीच कुनी नेला नाय. भोवरा नसता तर कवाच गेला असता तो. माझ्याकडं राह्यला तो त्याच्यामुळंच."

मास्तरांनी फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवलं. पांढरा रंग ओलाच होता आणि खालचा दिवाळीआधीच वाळलेला. दोन हलके हात फिरवले आणि भोवरा जागच्या जागी वर आला. तात्यांनी त्यावर बोट ठेवलं, तसंच ठेवलं, आणि मग जोरानं नाक शिंकरून म्हणाले, की आता न्या मुंबईला. मला फार भरून आलं. मी धंद्यातला माणूस, त्यामुळे चौकटीची धूळ पुसत राहिलो.

मुरबाडची मोटार बंद पडली होती. वामनशेटची गाडी शहापूरकडे जात होती, तिच्यातूनच आम्ही किन्हवलीमार्गे आसनगाव स्टेशन गाठलं. मागे दाव्याला बांधलेला गुलब्या चालत होता आणि गाडीत चित्रातला गुलब्या त्याच्याकडे बघत होता. असला भोवरा तुम्हाला चालतो कसा, असं मी वामनशेटना विचारलं. ते म्हणाले, न लाभणं मालकाला असतं, मी तर व्यापारी. माहुलीचा डोंगर जवळ येईपर्यंत मी त्यावर विचार केला आणि मला तो मुद्दा पटला. शहापुरात मास्तरांनी गिरणीसमोरून जाताना गाडीच्या ताडपत्रीआड मान घातली.

फोर्टातल्या दालनाचे मालक चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, काम उत्तम, भिंत तुमची. फक्त पाठीवर हा डाग पडलाय तेवढा पुसून द्या. आयुष्यभर मी अशा वेळी चित्रकाराच्या आधी हो म्हणत आलो आहे. त्या दिवशी मी गप्प राहिलो, आणि माझ्या धंद्याच्या मानानं ते धाडस होतं. मास्तरांना काटा दिसत होता, गिरणी दिसत होती. तरी ते म्हणाले, "हा डाग नाही. एकदा मी पुसला होता. ज्याचा बैल त्यानं परत मागून घेतला. आता पुसायचा मला हक्क नाही."

मालकांनी सगळी हकीकत विचारली. मी सांगितली, माझा सल्ला तेवढा वगळून. ते खूप हसले, नंतर चष्मा काढून पुसला, आणि शिपायाला खिळे आणायला सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात गुलब्या विकला गेला, चौकटीसकट. मास्तर गिरणीत बसले नाहीत. चित्रकाराला पोटापाण्याला कसं लावावं यावर मी तेव्हापासून पुष्कळ बोलत असतो, पण सल्ले जरा जपून देतो, विशेषतः गोडीशेव खाताना. जत्रेहून माणूस काहीतरी घेऊन येतो असं म्हणतात. मी तर रिकामी चौकट घेऊन गेलो होतो आणि ती भरून परतलो, आणि इतका खूश मी क्वचितच परतलो असेन.

विकल्याची बातमी मास्तर धसईला जाऊन सांगून आले. धोंडूतात्या खाचरात वाल वेचत होते. किंमत त्यांनी विचारली नाही. एवढंच विचारलं, की भोवऱ्यासकट नेला का. मास्तर म्हणाले, हो, भोवऱ्यासकट.

"मंग तिथंबी मानसं राहत्यात," तात्या म्हणाले, आणि वाल वेचायला वाकले.